छावणीच्या भोंग्यावरचा कवी

सर, आज दुपारी तुमचा तो दाढीवाला इंग्रज कवी पुन्हा ऐकला. आता त्याला हैदराबादहून आणावं लागत नाही. फोनवर बोट टेकवलं की शंभराहून जास्त वर्षांपूर्वी मेलेला माणूस खिशातून बोलायला लागतो. मेणाच्या नळकांड्यावर सुईनं कोरलेला आवाज, त्यावर खरखर, मधूनच काहीतरी आपटल्याचा ठोका, सगळं तसंच आहे. तो टिकला, सर. तुमचा आवाज मात्र कुठं नाही. फोनमध्ये नाही, कॅसेटवर नाही आणि हल्ली माझ्या कानातही नाही. त्याचीच तक्रार करायला बसलोय. माझ्या तक्रारींची तुम्हाला सवय होतीच.

त्या दुष्काळात आपलं कॉलेज नावापुरतं उघडं होतं. बारावीचा निम्मा वर्ग साखर कारखान्याच्या चारा छावणीत, आपापल्या जनावरांशेजारी मुक्कामाला. मीही दोन बैल आणि एक भाकड म्हैस घेऊन तिथंच. कारखाना सहकारी, कॉलेज कारखान्याचं, छावणी कारखान्याची आणि कारखाना अध्यक्षांचा. सहकार म्हणजे काय ते मला तेव्हाच नीट समजलं. वर्ग येत नाही म्हटल्यावर तुम्हीच सायकल मारत छावणीत यायला लागलात आणि बाभळीच्या तुटपुंज्या सावलीत उभे राहून शिकवू लागलात. कविता होती कुणाच्या तरी चुकलेल्या हुकमावर मरायला निघालेल्या घोडेस्वारांची. हुकूम चुकलाय हे सगळ्यांना कळतं, विचारत कुणीच नाही. आपल्या तालुक्यात याची फोड करून सांगायची गरज पडली नाही. तुम्ही टाचेनं जमिनीवर टापांचा ठेका धरायचा, धुरळा उडायचा, आणि शेजारची जनावरं रवंथ थांबवून तुमच्याकडं बघायची. वर्गातल्यापेक्षा लक्ष बरं होतं.

एक दिवस म्हणालात, "खुद्द कवी ही कशी म्हणायचा ते तुम्हाला ऐकवतो." आणि खरंच घाटनांदूरला जाऊन हैदराबादची गाडी पकडलीत. तिथल्या तुमच्या जुन्या दोस्तानं लायब्ररीतल्या तबकडीवरून कॅसेट भरून दिली. उन्हात फीत वाकडी होऊ नये म्हणून ती जेवणाच्या डब्यात घालून डब्याला ओलं फडकं बांधलेलं. छावणीत न्यायला तो डबा घ्यायला तुम्ही घरी आलात तेव्हा मी तुमच्या दारातच उभा होतो. काकू आतून म्हणाल्या, "मानसाला प्यायला पानी न्हाई आन् ह्यांच्या गोऱ्याला घडीघडी आंघूळ!" तुम्ही हसलात. मग चोरासारखं तांब्यातलं उरलेलं पाणी फडक्यावर ओतलंत.

छावणीतला भोंगा चाचांच्या ताब्यात होता. लग्न असो, उरूस असो की निवडणूक, पंचक्रोशीत भोंगा त्यांचाच. वैरणीची गाडी आली की ते यंत्र सुरू करायचे, आधी खर्रर्र व्हायचं आणि मग नावं पुकारली जायची. जनावरांना ती खरखर पाठ होती. हे तुमच्या लक्षात आलं नाही, आमच्याही नाही. चाचांनी तुमची कॅसेट लावली. कवी बोलायच्या आधी भोंग्यातून मेणाची ती खरखर निघाली आणि सबंध छावणी उठून उभी राहिली. रांगेच्या रांगा. बसल्या जागी हाडं मोजता येतील अशा गाई पुढचे पाय टेकत, थरथरत उठल्या. आमची म्हैस दोनदा पडली आणि तिसऱ्यांदा उठली. हंबरडे, घंटा, दोऱ्या घेऊन धावत आलेली माणसं, आणि या सगळ्यावर तो म्हातारा आपला घोडे दौडवतोय.

चाचा म्हणाले, "सर, ह्यो मानूस बोलतोय का फोडनी देतोय?"

कुणीच हसलं नाही. एक म्हातारा शेतकरी तुमच्यासमोर येऊन उभा राहिला. आवाजही चढवला नाही त्यानं. "कावून उठिवलं ओ गुरुजी? उठायला बी ताकद लागती."

तुमचा चेहरा मला आत्ता दिसतोय. तुम्ही माइक हातात घेता. जन्मभर आमच्याशी पुस्तकी मराठीत आणि इस्त्रीच्या इंग्रजीत बोललेले तुम्ही, तुमच्या आईच्या बोलीत म्हणता, "बसा, बसा. वैरन न्हाई. मानूस बोलतोय नुसता."

संध्याकाळी अध्यक्षांनी बोलावून घेतलं. "सर, माझ्या भोंग्यावरून वैरन न्हाई म्हनून सांगनारे तुमी पयलेच. आमच्याकडं नसली तरी आमी तसं म्हनत न्हाई."

त्याआधी दुपारी, गर्दी पांगल्यावर, तुम्ही आम्हा पाचसहा जणांसाठी तीच कविता स्वतः म्हणालात. हळू आवाजात, टाच न आपटता, जनावरं पुन्हा उठू नयेत म्हणून. चाचांनी कॅसेट उलटी करून गुपचूप भरून घेतली. तुमचा आवाज जगात कुठं उमटला असेल तर तेवढाच. पुढच्या आठवड्यात मंत्री आले, अध्यक्षांचं भाषण भरून घ्यायला कॅसेट हवी झाली, आणि कार्यालयातल्या कुणीतरी तुमच्या बाजूवर ते भरलं. इंग्रजाला हात लावायचं धाडस झालं नाही, तुम्ही घरचेच. तुम्हाला कळलं तेव्हा एवढंच म्हणालात, "बरं झालं, दोन ओळी चुकलो होतो." तुम्ही गेल्यावर काकूंनी ती कॅसेट डब्यासकट मला दिली. भाषण मी शेवटपर्यंत ऐकलं, शेवटी तुमचं एखादं कडवं शिल्लक राहिलं असेल म्हणून. अध्यक्ष फीत संपेपर्यंत बोललेत. थोडक्यात आटपणं हा त्यांचा गुण कधीच नव्हता.

तुमची नक्कल मी तेव्हापासून करायचो. तुम्हाला कुणीतरी सांगितलं, तुम्ही मला उभं केलंत. "करून दाखव." मी केली. तुम्ही मान खाली घालून ऐकलंत आणि म्हणालात, "मी असा बोलतो होय?" नंतर काही दिवस वर्गात तुम्ही जपून बोलत होता, परक्या घरात चालल्यासारखं. आता तोच माझा धंदा आहे. सदर लिहितो, गावोगाव एकपात्री करतो, आमदारापासून तलाठ्यापर्यंत सगळ्यांच्या नकलांवर पोट भरतो. तुमच्या शोकसभेत लोक म्हणाले, सरांच्या आवाजात कविता होऊ द्या. झाली. अध्यक्षांनीही डोळे पुसले. पुढं प्रत्येक कार्यक्रमात तीच फर्माईश. एवढ्यांदा केली सर, की आता तुम्हाला आठवायला गेलो तर मीच ऐकू येतो. टाळ्यांच्या जागांसकट.

एकच वाक्य मी आजवर कुठं केलेलं नाही. तुम्ही छावणीत माइकवर म्हणालात ते. स्टेजवर नाही, घरी बायकोसमोरही नाही. परवा तेलगावला कार्यक्रम रंगात आला होता, ते पार ओठावर आलं. मी पाणी प्यालो आणि आमदाराच्या नकलेवर गेलो. हे पत्र सदरात छापलं तर लोक पुढच्या वेळी हेच मागतील, आणि मी नाही म्हणणारा माणूस नव्हे, तुम्ही ओळखता. तेव्हा हे त्याच डब्यात, कॅसेटखाली.

आणि खरं सांगू सर? ते वाक्य तरी अजून तुमच्या आवाजात उरलंय की नाही, मला माहीत नाही. खात्री करायची तर एकदा मोठ्यानं म्हणून बघावं लागेल.