नाव न घेता केलेली विनंती

७ सप्टेंबर, सोमवार
आजपासून रात्री आठला सगळे मोबाइल बिस्किटांच्या डब्यात! थोरलीचा, माझा, यांचाही. हे म्हणाले, "आणि मॅच?" मी नुसतं बघितलं. मोबाइल डब्यात गेला.

एक गीत, बायबलचा एक अध्याय, मग प्रत्येकाने स्वतःच्या तोंडाने दोन शब्द प्रार्थना. धाकटी रोज शेजारच्या मांजरासाठी मागते. चालेल, सुरुवात तर आहे. शेजारीण म्हणते, "आजकालच्या मुलांना इतकं धरून ठेवता येत नाही हो." तिची तिन्ही मुलं जेवताना तीन पडद्यांकडे बघतात. पण माझ्या पोरींना बाहेरचं वारं लागू देणार नाही म्हणजे नाही.

८ सप्टेंबर, मंगळवार
दुकानात दिवसभर पँटच्या चेन बदलल्या. बोटं सोलून निघाली. थोरली शाळेतून थेट दुकानात आली आणि काउंटरमागे बसून एका कोटाचं अस्तर उसवायला लागली. तिचा हात माझ्यापेक्षा हलका आहे. मान वर न करताच म्हणाली, "आई, मी प्रार्थना करते ना, तेव्हा पलीकडे कुणी आहे असं वाटतच नाही. खूप महिने झाले. कुणाला सांगू नकोस."

मी म्हटलं, "मोबाइल कमी कर, सगळं वाटायला लागेल." ती "हं" म्हणाली. तेवढ्यात गिऱ्हाईक आलं.

९ सप्टेंबर, बुधवार
चर्चमध्ये महिला सभा. शेवटी प्रार्थनेच्या विनंत्या सांगायच्या. कुणाचे गुडघे, कुणाच्या जावयाची नोकरी. मी तरी गप्प कशी बसू — आई आहे! पण नाव अजिबात घेतलं नाही. एवढंच म्हटलं, "आपल्या मंडळीतली एक मुलगी. सोळा वर्षांची. गाते छान. विश्वास डळमळलाय तिचा."

पाळकीणबाईंनी डोळे मिटले. काय कळकळीने प्रार्थना झाली! अर्ध्या जणींच्या डोळ्यांत पाणी. इतक्या जणी गुडघ्यावर आल्या म्हणजे काम फत्ते. येताना अगदी हलकं वाटलं.

१३ सप्टेंबर, रविवार
मंडळीत सोळा वर्षांची आणि गाणारी मुलगी एकच आहे. हे माझ्या डोक्यात कसं आलं नाही!

उपासना संपली आणि भोंग्याने थोरलीला गाठलं. भोंगा म्हणजे आमच्या गायनमंडळाच्या बाई. आवाजामुळे यांनी ठेवलेलं नाव. दारातच तिचे दोन्ही हात धरले, सगळ्यांसमोर: "बाळा, सैतान तुझ्या मागे लागलाय. पण घाबरू नकोस, आम्ही सगळ्या जणी तुझ्यासाठी मागतोय!" माणसं वळून बघायला लागली. थोरली हसली. "थँक्यू" म्हणाली.

घरी आल्यावर गायनाचा झगा घडी करून माझ्या मशिनवर ठेवला. मीच शिवलेला. "दुसऱ्या कुणाला तरी दे."

१४ सप्टेंबर, सोमवार
मी चुकले नाही. प्रार्थना म्हणजे चुगली नव्हे! पोर आजारी पडलं तर त्याला विचारून डॉक्टरकडे नेतात का? यांना हेच ठणकावून सांगितलं. हे जेवत होते. म्हणाले, "डॉक्टर बाहेर सांगत नाही." आणि पुढे जेवत राहिले.

भांडी जरा जोरातच घासली.

१६ सप्टेंबर, बुधवार
सभेला गेले नाही. डोकं दुखतंय असं कळवलं. दुखत होतं — पण तेवढं नाही.

१७ सप्टेंबर, गुरुवार
प्रार्थनेत थोरलीची पाळी आली की रोज एकच, "माझं आज काही नाही." मोबाइल मात्र न सांगता डब्यात टाकते. ओरडायलाही जागा ठेवत नाही पोरगी! आज धाकटीने विचारलंच, "ताई, तू देवाशी भांडलीस का?"

"नाही गं. आईशी."

हे खोकले. मी पुढचं गीत काढलं, आणि नेहमीपेक्षा मोठ्याने म्हटलं.

१९ सप्टेंबर, शनिवार
दुकानात आजही ती आली नाही. सलग सहा दिवस झाले. उसवायचं काम साठलंय, आणि मला तर उसवताना कापडच ओढलं जातं.

हे कबूल करायला हवं: त्या दिवशी तिने मोबाइलबद्दल काही विचारलंच नव्हतं. तिने जे सांगितलं त्याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. म्हणून तिचं गुपित घेऊन मी सभेत गेले आणि सगळ्यांच्या पदरात टाकून मोकळी झाले. बाहेरचं वारं, बाहेरचं वारं म्हणून दारं लावत बसले, आणि पोरीला उघड्यावर मीच नेऊन उभं केलं. फार वाईट वागले मी तिच्याशी.

उत्तर का नव्हतं, तेही मला ठाऊक आहे. ते कधी कुठे लिहिलेलं नाही. इथेसुद्धा.

२० सप्टेंबर, रविवार
दुपारी थोरलीच्या खोलीत गेले. माफी मागितली. मग यांनाही कधी न सांगितलेलं तिला सांगितलं — माझी आई गेली तेव्हापासून मलाही पलीकडे कुणी वाटत नाही. बारा वर्षं.

"आणि तरी रोज बसतेस?"

"रोज."

मग उठून तिने दार लावलं, माझा हात हातात घेतला आणि डोळे मिटले. म्हणाली, "देवा, आईशी एकदा बोल. माझं नंतर बघ."