सोऱ्या अंगणातच राहिला

माय, आपण जिंकलो. यंदा अक्षय्य तृतीयेला, आपल्या आखाजीला, वादळ आलं, दारचा कडुलिंब विजेने उभा चिरला, आणि त्याच्या झोक्यावरच्या साऱ्या पोरी तेव्हा घरात सुखरूप होत्या.

तुला ती दुपार आठवते का? मी लहान आहे, चैत्र आहे, घराच्या धाब्यावर कुरडया वाळताहेत. गडगडायला लागतं तशी मी शिडी चढते, आणि तू वेणीला धरून मला खाली ओढतेस. वर्षभराचं वाळवण डोळ्यांदेखत भिजतं, शेजारणी हसतात. तू दार लावून घेतेस आणि म्हणतेस, "कुरडाया परत व्हतीन. तू परत व्हशी का?" मग जरा थांबून, "गडगड ऐकू उनी म्हणजे वीज आंगनमा उनी समज." तेव्हापासून चैत्र लागला की दुपारी माझे डोळे मावळतीकडे जातात. हे शहाणपण की भित्रेपणा, मला अजून ठरवता आलेलं नाही.

आखाजीच्या दुपारी वारा एकाएकी पडला. अक्कलकुव्याच्या बाजूला आभाळ विटकरी झालं. माहेरी आलेल्या पोरी झोक्यावर गाणी म्हणत होत्या. पूर्वी मी कॉलेजला निघाले तेव्हा दागिन्याऐवजी तू हातात ठेवलेला कुरडयांचा लाकडी सोऱ्या मी त्या दिवशी धुऊन अंगणात वाळत ठेवला होता. मी म्हटलं, उतरा, घरात चला. भावाची थोरली लेक झोका आणखी उंच नेत ओरडली, "फुई, आज शाळाले सुट्टी शे! इथं तरी मास्तरीन नको व्हऊ!" ओट्यावरून भावजय म्हणाली, "बाई, ढग पाहीसन इतल्या भेतस, मंग नंदुरबारमा एकल्या कश्या ऱ्हातस?" सगळ्या खिदळल्या. मला लाज वाटली. डोक्यावर तर लख्ख ऊन होतं. खोटी ठरले तर? तेवढ्यात लांब कुठेतरी गडगडलं. मी चालत्या झोक्याचा दोर धरला. दोन पावलं फरफटले, पण सोडला नाही. म्हटलं, "हसा, पण घरात हसा."

शेवटची पोर उंबऱ्याच्या आत आली आणि गारा कोसळल्या. युद्ध चालू असल्याने कंदिलाला रॉकेल मिळत नाही, त्यामुळे भर दुपारी अंधारात बसलो. मग पांढराफटक उजेड, कानठळ्या, जळक्या लाकडाचा वास. भाची माझ्या मांडीत तोंड खुपसून म्हणाली, "फुई, झोका गया."

आभाळ निवळल्यावर बाहेर आलो. सोऱ्या फुटला नव्हता, गारांनी काठोकाठ भरला होता. पोरींनी दट्ट्या दाबून बर्फाच्या कुरडया पाडल्या आणि चिरलेल्या झाडासमोर उभ्या राहून खाल्ल्या. दुसऱ्या दिवशी झोका गोठ्याच्या आढ्याला बांधला. भाचीने पहिला मान मला दिला. या वयात मी झोका घेतला, माय, आणि चांगला उंच घेतला.

तू आता नाहीस, हे पत्र वहीतच राहील, म्हणून एक लिहून टाकते. गारा पडत असताना मला सोऱ्याची आठवण झाली आणि माझा हात कडीवर गेला. एरवी मला अहोजाहो करणारी भावजय अंधारातून किंचाळली, "सोऱ्या परत भेटी, तू भेटशी का?" तुझं बोलणं मीच तिला कधीतरी सांगितलं होतं. गावात मी सांगते की कोणी बाहेर जाऊ नये म्हणून मी कडी धरून उभी होते.

कडी काढत होते, माय.