दोन जुन्या, दोन नव्या

७ जुलै, वलवण

आले बाई एकदाची! सोमाटण्याच्या आमच्या दोन खोल्यांतून थेट बंगल्यात. खिडकीतून धरणाचं पाणी दिसतं. काम एकच, भिमाजी आबांना सांभाळायचं. त्यांची फुप्फुसं थकलीत, म्हणून नाकात सतत ऑक्सिजनची नळी. मशीन विजेवर चालतं, वीज गेली की इन्व्हर्टरवर. मला बघून आबा म्हणाले, ही कसली नर्स, ही तर शाळेतून पळून आलेली पोर. मीही सुनावलं की पळून आलेय खरी, पण इंजेक्शन घेऊन! स्वयंपाकाच्या विठाबाई मावशी पदरात तोंड घालून हसल्या.

९ जुलै

इन्व्हर्टरच्या चार बॅटऱ्या जिन्याखाली आहेत. दोन कोऱ्या करकरीत, दोन जुनाट, हळदीकुंकवानं माखलेल्या. सगळ्या का नाही बदलल्या म्हणून मावशींना विचारलं. त्या म्हणाल्या, आबांच्या शालूबाई दर खंडेनवमीला सोताच्या हातानं त्यांची पूजा करायच्या. बाई गेल्या त्या वर्षीचं कुंकू हाय ते, आबा कुनाला हात लावू देत न्हाईत. म्हणून सुहासदादांनी, त्यांच्या मुलानं, बंद पडलेल्या दोनच बदलल्या. माणूस कशात जीव अडकवेल, काही नेम नाही!

१४ जुलै

धो धो पाऊस. वीज गेली. इन्व्हर्टरवर चार्जिंग पूर्ण दिसत होतं आणि चहाला उकळी फुटायच्या आत सगळं ठप्प! माझी तर पाचावर धारण बसली. घरात ठेवलेल्या ऑक्सिजनच्या छोट्या सिलिंडरवर कसंबसं निभावलं.

ओंकारला, माझ्या भावाला, फोन केला. तो बॅटरीच्या दुकानात असतो. खेकसलाच माझ्यावर. म्हणे, अगं बये, जुनीसोबत नवी कधी जोडतात का? जुनी काही सुधारत नाही, नवीलाच ओढून आपल्यासारखी करते. सुहासदादा येत्या रविवारी पुण्याहून चारही नव्या बॅटऱ्या आणि भरलेला सिलिंडर आणणार आहेत. लवकर या म्हटलं, तर बघतो म्हणाले.

१६ जुलै

जिन्याखाली सडक्या अंड्यांचा वास. जुन्या बॅटऱ्या फुगल्यात, हात लावला तर चटका बसतो. आतून गुडगुड ऐकू येते. आबा कान देऊन ऐकत होते. म्हणाले, शालूला शेवटी असाच दम लागायचा. काढून टाकू या म्हटलं तर रडायलाच लागले. ती तितं एकटी हाय म्हणे.

१८ जुलै

आज नव्याही फुगल्या. चारही आता सारख्याच दिसतात.

दोनदा वीज गेली, सिलिंडर संपला. दवाखान्यात चला म्हणून हातापाया पडले. आबा खाटेला घट्ट धरून बसलेत, हलायला तयार नाहीत. मावशी काम सोडून गेल्या. बाई धाप टाकत्यात तितं, म्हणाल्या, तू बी चल पोरी. आबांना असं टाकून कशी जाऊ?

२० जुलै, रविवार

वीज गेली. इन्व्हर्टर लगेच बंद. मशीन बंद.

अँब्युलन्स खाली रस्त्यात अडकलीये. सुहासदादाही. धरणावर भिजायला आलेल्यांच्या गाड्याच गाड्या. हॉर्न इथपर्यंत ऐकू येतायत. दादा सिलिंडर खांद्यावर टाकून पळत निघालेत—

आबांचे ओठ निळे पडले. माझा डावा हात धरून ठेवलाय. मी काहीच करू शकत नाही, काहीच नाही, म्हणून लिहितेय—

आत्ता म्हणाले, शालू, मला बी ओढ—

छाती हलत नाही. आबा. आबा—

गेले.

पण हात सोडत नाहीत. बोटं सुटतच नाहीत, उलट आवळतायत— गरम होतायत—

माझी नखं निळी का— मला तर कधी साधा दमाही— दादा, लवकर— श्वास पुर—