दादाच्या डब्यातली कीर्तनं

आई, मागच्या रविवारी सकाळी दादाचा फोन आला. त्याच्या प्रभादेवीच्या इमारतीत गच्चीचं काम निघालंय आणि सोसायटीने सगळ्यांना गच्चीवरच्या डिश उतरवायला सांगितल्या आहेत. त्याच्याकडे टीव्ही आता इंटरनेटवरच चालतो, त्यामुळे त्याचं काही अडत नाही. पण तो म्हणाला, "अरे, डिश गेली की तो जुना रेकॉर्डिंगचा डबा बंद. त्यात तुझं सामान आहे. येऊन बघून जा." मी म्हटलं, "माझं कसलं सामान तुझ्या डब्यात?" तो म्हणाला, "आईने ठेवलेलं." तुला जाऊन अकरा वर्षं झाली. फोन ठेवल्यावर मला पहिल्यांदा रडू आलं असं लिहिलं तर ते खोटं होईल. पहिल्यांदा मनात आलं ते हे, की माझं म्हणून जे काही होतं तेसुद्धा तू त्याच्याच घरात ठेवलंस.

हा मत्सर तुला ठाऊक होता की नाही, मला कधी कळलं नाही. गावात तू माझी एकट्याची होतीस. दादाला नऊ वर्षांचा असतानाच बाबांनी शिकायला मुंबईला आणलं, गिरणीतून सुटून आल्यावर स्वतः रांधून त्याला वाढलं. मी गावच्या शाळेत राहिलो. सप्ताहात देवळात कीर्तन असायचं तेव्हा मी तुझ्या मांडीवर डोकं ठेवून ऐकायचो, आणि झोप लागली की तू बोटाने कपाळावर टिचकी मारायचीस. "उठ, आरती जाताहा." आरतीला तू उभी राहिलीस की तुझे हात सुटत नसत. बुवा खाली बसले, बायका चपला शोधायला लागल्या, तरी तू खांबापाशी हात जोडून उभी, आणि मी तुझ्या लुगड्याचा काठ धरून. तो काठ धरायला दुसरं कोणी नव्हतं. पुढे मी गिरगावात छापखान्यात लागलो, पंचांगं आणि आरत्यांची पुस्तकं तपासायचं काम मिळालं, लालबागला खोली घेतली, बाबा गेल्यावर तुला गावाहून आणलं. मला वाटलं होतं, तू आता माझ्याकडेच राहशील. ठरलं मात्र असं की सहा महिने दादाकडे, सहा महिने माझ्याकडे. ते ठरवताना मला कोणी विचारलं नाही. तूच ठरवलंस.

आणि मग दादाने तो डबा आणला. चालू कार्यक्रम थांबवायचा, मागे न्यायचा, नको तेव्हा साठवून ठेवायचा आणि हवा तेव्हा बघायचा. तुझं संध्याकाळी सातचं कीर्तन त्यावर चालायचं. भोईवाड्याला एका लग्नात वहिनी सगळ्यांना हसत हसत सांगत होती, "अहो, टीव्हीवर आरती चालू होती आणि माझा फोन वाजला, म्हणून मी जरा थांबवली. दहा मिनिटांनी येऊन बघते तर आई तश्शाच उभ्या, हात जोडून! म्हटलं, आई, बसा ना. तर म्हणतात, देवाक उभा करून मी कशी बसू?" सगळे हसले. मीही हसलो. पण तुझ्या जोडलेल्या हातांची गोष्ट वहिनीने सांगावी? ते हात मला माहीत होते.

त्या वर्षी तुझे सहा महिने संपले आणि तू दादाकडून आलीच नाहीस. गणपती झाले, दसरा झाला. "येतंय रे, थोड्या दिवसांनी येतंय," असं फोनवर म्हणायचीस, आणि लगेच, "तूच ये ना. तुझ्यासाठी ठेवलंय, येवन बघ." मला वाटायचं, शिरवाळे किंवा घावणे ठेवले असतील. नाहीतर दादाच्या डब्याचं कौतुक दाखवायचं असेल. मी मनात एक हिशेब पक्का केला होता. माझ्याकडे जुना साधा डबा आहे, कीर्तन सात वाजता लागतं तेव्हा एकच खोली, मुलांचा अभ्यास, आवाज कमी करा म्हणून बायकोची खूण. दादाकडे ते साठवून दुपारी निवांत बघता येतं. म्हणून तू तिकडे रमलीस. म्हणजे प्रश्न डब्याचा आहे, आणि तो सुटण्यासारखा आहे.

मग मी डबा निवडायला लागलो. प्रुफं तपासणारा माणूस मी, तसाच एक वही घेऊन बसलो. एका बाजूला एका कंपनीचा, दुसऱ्या बाजूला दुसरीचा. एकात साठवायची जागा आतच होती, दुसऱ्याला बाहेरून वेगळी डिस्क जोडावी लागायची. एकात एक कार्यक्रम बघताना दुसरा साठवता यायचा, दुसऱ्यात एका वेळी तीन. दादरला एका दुकानात मी चार वेळा गेलो. दुकानदार माझ्याच वयाचा, चष्मा कपाळावर चढवून बोलणारा. पहिल्याच दिवशी त्याने विचारलं, "साहेब, साठवायचंय काय? मॅच की पिक्चर?"

"कीर्तन," मी म्हटलं. "आईसाठी."

"मग हा साधा घ्या की. बाहेरून डिस्क लावायची, झालं. आईंना दोन बटणांच्या वर नको."

"आणि त्या तीनवाल्यात किती कीर्तनं मावतील?"

"अहो, तीन कीर्तनं एका वेळी कोण करतंय तुमच्याकडे?" गिऱ्हाइकं हसली. मी हसलो नाही. मी विचारलं, "भावाकडे आहे त्यापेक्षा याच्यात जास्त काय आहे?" त्याने चष्मा खाली घेतला आणि माझ्याकडे नीट बघितलं. "भावाकडे कुठला आहे?" मला माहीत नव्हतं. "मग बघून या. खालच्या बाजूला नंबर असतो."

तो दिवस मला लिहायचा आहे, म्हणूनच हे पत्र घेऊन बसलो. मी दुपारी दादाकडे आलो. दादा आणि वहिनी कामावर होते, तू एकटी होतीस. दार उघडून तू माझ्या तोंडाकडे बघितलंस आणि तुझा चेहरा असा फुलला की मला आत्ताही तो लिहिताना नकोसा होतो. "इलंस? बस, बस. चष्मो खंय गेलो माझो?" रिमोट प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला होता, तो तू सोडवायला लागलीस. नखाने गाठ सुटेना. म्हणत होतीस, "तुका लावून दाखवतंय. पयलो तो लावतंय, तुझो बुवा." मी काहीच ऐकत नव्हतो. टीव्हीखालच्या फळीवरून मी तो डबा उचलला, उलटा केला, खालचा नंबर खिशातल्या कागदावर उतरवला आणि परत ठेवला. गाठ तोपर्यंत सुटली होती. तू रिमोट हातात घेऊन टीव्हीसमोर उभी होतीस. मी म्हटलं, "आई, आत्ता नको. प्रेसमध्ये अर्जंट काम आहे." तू विचारलंस, "मग इलंस कशाक?" मी म्हटलं, "असंच." तू म्हणालीस, "बरा. परत ये." मी चहासुद्धा घेतला नाही.

घरी बायकोला सांगितलं तर तिने पोळी लाटता लाटता विचारलं, "अहो, तुम्ही डबा बघायला गेला होतात की आईंना?"

मी तीनवाला घेतला. नंबर पडताळून, दादाच्या वरचा. आमच्या चाळीच्या गच्चीवरून जास्तीची वायर गॅलरीतून खाली आणायला चाळकमिटीची परवानगी लागली, तीही मिळवली. तुला आणायला टॅक्सी करून गेलो आणि तू आलीस. मी तुला समोर बसवलं, सगळं दाखवलं. तू म्हणालीस, "चांगलो आसा." मग थोड्या वेळाने विचारलंस, "दादाकडली ठेवलेली ह्याच्यात येतली?"

"नाही. ज्या डब्यातलं त्याच डब्यात राहतं."

"काढून आणूक नाय गावाचा?"

"नाही, आई."

तुझा पदर तू बोटाभोवती गुंडाळत होतीस, आणि मी ते बघून जळत होतो. इतकं सगळं केलं तरी हिला तिकडचंच हवंय. मी म्हटलं, "मग तिकडेच जाऊन बस ना. तिथे तुझं सगळं आहे." तू रागावली नाहीस. भांडी घासणाऱ्या बायकोला ऐकू जाणार नाही इतक्या हळू म्हणालीस, "लहानपणी तुका मी गावलंय. तेका खंय गावलंय? नऊ वर्साचो पोर, बापाच्या हातचा खाल्ल्यान. आता तरी गावूक नको?" तू दादाला लहानपणी मिळालीच नव्हतीस, हे मला ऐकू आलं, पण मी ऐकलं नाही. त्यातही मला दादाचंच पारडं दिसलं. पंधरा दिवसांनी तू परत त्याच्याकडे गेलीस. पुढचा शिमगा तू बघितला नाहीस.

काल शनिवारी मी दादाकडे गेलो. वहिनीने चहा ठेवला. दादाने डबा चालू केला, त्याची यादी उघडली आणि बाजूला सरकून मला जागा दिली. यादीत त्याचं काहीच नव्हतं. सतरा कीर्तनं, बाकी सगळं रिकामं. दादा म्हणाला, "आई रोज बघायची, आणि तुला आवडेल असं वाटलं तरच ठेवायची. बाकीची पुसायची. तू सातला प्रेसमध्ये असायचास ना. तुझी चुकतात म्हणायची." मी विचारलं, "मला सांगितलं का नाहीस?" तो म्हणाला, "सांगायचं काय? ती तुला फोनवर सांगतच होती की. तू येत नव्हतास." मग त्याने रिमोट हातात फिरवला आणि टीव्हीकडे बघतच बोलला. "खरं सांगू? मला राग यायचा. मॅच साठवायला जागा नसायची. हात लावू द्यायची नाही, ते धाकट्याचं आहे म्हणायची. माझ्या घरात, माझ्या डब्यात, सगळं तुझं." वहिनी आतून म्हणाली, "आणि तरी हे अकरा वर्षं त्या डब्याचे पैसे भरतायत. भरले नाहीत तर दिसत नाही म्हणे." दादा म्हणाला, "तू गप गं."

त्याने पहिलं कीर्तन लावलं. आई, ते आपल्या सप्ताहाला यायचे तेच बुवा होते. केस पांढरे झालेले, आवाज तोच. सुरुवातीचं नमन अर्धं गेलेलं होतं. दादा म्हणाला, वेळ लावून ठेवायचं तुला कधी जमलं नाही, कीर्तन लागलं की तू चष्मा शोधायचीस, रिमोट सोडवायचीस आणि मग ते लाल बटण दाबायचीस. आम्ही दोघं भाऊ शेजारी बसून ऐकत होतो, चहा तसाच. शेवटी आरती झाली, बुवांनी हात जोडले, कार्यक्रम संपला, पण तुझं साठवलेलं संपलं नाही. साबणाची जाहिरात लागली, मग दागिन्यांची, मग कसल्या तरी तेलाची. दादाने पुढे ढकलायला बटण शोधलं. मी त्याचा हात धरला. "राहू दे."

त्याला आधी कळलं नाही, मग कळलं. नंतर आम्ही एकेकाचा नुसता शेवट लावून बघितला, सतराच्या सतरा कीर्तनांच्या शेवटी अशाच जाहिराती आहेत. बंद करायला बटण दाबावं लागतं, आणि तुझे हात जोडलेले होते. तेलाची जाहिरात अर्ध्यात तुटली तेव्हा मला समजलं की तुझे हात आत्ता सुटले. दादा हळूच म्हणाला, "मी इथेच या कोचावर पेपर वाचत असायचो." आणि मला, या वयात, तुझ्या देवाची शपथ, त्याचा तेव्हाही हेवा वाटला. ती उभी होती तेव्हा हा तिच्या मागे होता.

सोसायटी पुढच्या आठवड्यात डिश उतरवणार आहे. दादा म्हणाला रोज ये, आपण सगळी बघून टाकू. मी रोज जाईन. हे पत्र कुठे टाकायचं नाही. माझ्या त्या तीनवाल्या डब्याचं खोकं माळ्यावर आहे, त्यात ती तुलना केलेली वही आहे, तिच्यात ठेवीन.

एक राहिलं. त्या दुपारी, तू रिमोट घेऊन उभी होतीस तेव्हा, प्रेसमध्ये काही काम नव्हतं. त्या दिवशी प्रेसला सुट्टी होती. तुझ्याकडून निघालो आणि दोन गल्ल्या पलीकडे देवळाच्या रांगेत जाऊन तासभर उभा राहिलो. देवाकडे मागितलं काय, तर आई माझ्याकडे येऊ दे.