गाडीचा उजेड

१२ नोव्हेंबर

हे पडले. लिंक रोडच्या कडेला मुरमाचा ढीग टाकलेला, त्याच्यावर सरळ मोटारसायकल घातली. ढीग छातीएवढा, लहानसहान नाही! गुडघा सोलून निघालाय, पँट फाटली, आणि दारात उभं राहून मलाच सांगतात, "लाइटचा उजेडच पडत नाय, मी काय करू?"

हळद लावता लावता चांगलं सुनावलं. आम्ही राहतो बजाजनगरात, यांची कंपनी चितेगावला. थंडीच्या दिवसांत सुटेपर्यंत अंधार पडतो. आज मुरूम होता, उद्या उभा ट्रॅक्टर असेल. ते काही नाही. गाडीला चांगला लाइट बसवायचा, आणि तो मीच निवडणार. यांच्यावर सोडलं तर पुढच्या दिवाळीलाही हेच रडगाणं.

१४ नोव्हेंबर

युसूफभाईंच्या स्पेअरपार्टच्या दुकानात गेले. चोहीकडं ऑइल, गिऱ्हाईक सगळे पुरुष. मी ब्लाउजपीस बघते तसे सगळे बल्ब बाहेर काढायला लावले. पांढरा एलईडी, पिवळा, आणि एक धड पांढरा ना पिवळा.

युसूफभाई म्हणाले, "भाभी, सफेद दिखने को चकाचक. मगर धूल में, धुंध में पिवळाच काम आता." मी विचारलं, खड्ड्यात आदळून बंद तर पडणार नाही? "हौ, बंद पडा तो सीधा मेरे कने लाना."

तरी पांढराच घेतला. पांढऱ्या ट्यूबखाली शिवताना मला काळ्या कापडावरची काळी टीप दिसते, मग रस्ता का दिसणार नाही? हुकूम सोडून दुकानातच बसवून घेतला.

१५ नोव्हेंबर

मोठ्या हौसेनं विचारलं, कसाय नवा लाइट? बूट काढता काढता म्हणाले, "याचा बी उजेड पडत नाय."

डोकंच फिरलं माझं.

१८ नोव्हेंबर

परत युसूफभाई. भांडायच्या तयारीनंच गेले होते. त्यांनी शटर अर्धं ओढलं, गाडी आत घेतली आणि लाइट लावला. फरशीवर पडलेला बारका स्क्रूसुद्धा दिसला. माझं भांडण तोंडातच राहिलं.

तरीही पिवळे फॉग लाइट बसवून घेतले, खाली दोन्ही बाजूंना एकेक. वायरिंगही नवीन टाकायला लावलं. जुन्या वायरीतून करंट नीट जात नसेल असं माझं आपलं डोकं. युसूफभाई हात पुसत म्हणाले, "अब इससे भी नै हुआ तो भाभी, सूरजच लाना पडेगा." मलाही हसू आलं.

२१ नोव्हेंबर

आत्या आल्या. माझ्या वडिलांची सख्खी बहीण, आणि आता माझ्या सासूबाई. लग्न होऊन इतकी वर्षं झाली तरी सासूबाई म्हणायला जीभ वळत नाही. यांचा गुडघा बघून सुरूच झाल्या. "तुझा सासरा जन्मात कधी दिवेलागणीनंतर उंबऱ्याभायेर गेला नाय. ना तमाशा, ना बाटली. ह्याच घराकडं बघून तुझ्या बापानं तुला दिली. अन् ह्यो बघ, अंधाराचा हिंडतो."

खरंय ते. माझ्या लग्नात हेच सगळे सांगत होते, पोरीनं नशीब काढलं म्हणून. मामंजी ऊन उतरलं की शेतातून घरी. अख्ख्या गावात त्यांच्या शिस्तीचं नाव होतं. मी यांना टोमणा मारला, घ्या जरा वडिलांचं वळण.

२३ नोव्हेंबर

समोरचा कृष्णा तक्रार घेऊन आला. "वहिनी, दादांचा लाइट कमी करा की. काल गल्लीत समोर आले तर दिपूनच गेलो मी."

आणि आमचे दादा म्हणतात, मंद आहे! नव्या वस्तूत खोट काढायची यांची सवय मला माहीत आहे. साखरपुड्याचा शर्टसुद्धा यांना आखूड झाला होता.

२८ नोव्हेंबर

अक्षर वाकडं येतंय, येऊ दे.

गंगापूरला बारशाला गेलो होतो. निघायला उशीर झाला. मी मागं बसलेले, आणि माझ्याच हट्टाचे तिन्ही लाइट पुढं जळताहेत. रस्ता लख्ख दिसत होता. पुढं उसाची बैलगाडी. उसाची टोकं दिसली. त्यावर बसलेली बाई दिसली, तिच्या डोक्यावरचा लाल रुमालसुद्धा दिसला. मला वाटलं, आता हे ब्रेक दाबतील. आता दाबतील. हे सरळच निघाले! मी किंचाळले, यांचा खांदा ओढला. गाडी रस्त्याखाली उतरली आणि काटेरी झुडपात जाऊन थांबली.

आणि यांनी विचारलं, "काय झालं? काय व्हतं तिथं?"

काय होतं! मी खाली उतरले. गाडीसमोर, उजेडात, हात वर करून उभी राहिले. किती बोटं, म्हटलं. यांनी मान इकडंतिकडं फिरवली. मग म्हणाले, "तू कुठं हायस?"

गाडी टेम्पोत घालून घरी आलो, तेव्हा यांनी सगळं सांगितलं. पुढच्या गाडीचा मागचा लाल दिवा धरून जातात. तो वळला की हे वळतात. मुरमाच्या दिवशी पुढं कुणी नव्हतं. किती दिवसांपासून, तर म्हणे, "लहानपणापासून थोडं थोडं. मला वाटायचं, अंधारात समद्यांलाच असं दिसतं."

या माणसाच्या मागं मी रोज बिनघोर बसत होते. रोज!

२ डिसेंबर

शहरात डोळ्यांच्या डॉक्टरकडं. थेंब टाकले, अंधाऱ्या खोलीत नेलं, पुष्कळ वेळ तपासलं. डोळ्याच्या पडद्याचा आजार आहे. आधी रात्रीची नजर जाते. चष्म्यानं भागत नाही. संध्याकाळनंतर गाडी बंद.

डॉक्टरीणबाईंनी विचारलं, नात्यातलं लग्न आहे का? म्हटलं, हो, आत्याचाच मुलगा. त्यांनी पुढं विचारलं, घरात आणखी कुणाला अंधारात दिसत नव्हतं?

मी नाही म्हणणार होते. आणि एकदम मामंजी डोळ्यांसमोर आले. ऊन उतरल्यावर भराभर घराकडं चालणारे.

आत्यांना फोन केला. डॉक्टरीणबाईंचा प्रश्न जसाच्या तसा विचारला. त्या म्हणाल्या, "मला वाटलं माय, चांगली सवय हाय त्यांची." त्या रडायला लागल्या. मी पण रडले. शिस्त म्हणे! गावानं ज्याची उदाहरणं दिली, तो माणूस जन्मभर अंधाराला घाबरत होता, आणि बायकोलाही बोलला नाही.

निघताना डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, हे रक्तातून येतं, मुलीलाही दाखवून घ्या. संस्कृतीला काय झालंय? एका फटक्यात माझी सुई ओवून देते ती. तरी नेईन सवडीनं.

५ डिसेंबर

मार्ग निघाला. हे सकाळी कंपनीच्या गाडीनं जातील. संध्याकाळी ती गाडी फाट्यावर सोडते, तिथून संस्कृती तिच्या स्कूटीवर घेऊन येईल. ती अठराची झाली, लायसन्स आलंय. पोरगी खुशीत आहे. पप्पांना म्हणाली, "आता मागं बसायचं अन् गुमान राहायचं." हे हसले. कितीतरी दिवसांनी हसले.

युसूफभाईंनी फॉग लाइट काढून स्कूटीला बसवून दिले. पिवळेच. या वेळी त्यांचं ऐकलं.

७ डिसेंबर

दिवेलागणीला संस्कृती सरावाला म्हणून गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन आली. लाइट चालूच होते, समोरच्या भिंतीवरचं शेवाळसुद्धा मला दिसत होतं. हेल्मेट काढून म्हणाली, "मम्मी, याचा उजेडच पडत नाय."