तळ्याच्या गावाची पूर्वतयारी

४ फेब्रुवारी, बुधवार

साप्ताहिक सुट्टी. सकाळी चहा पिताना ही म्हणाली, दोन दिवस कुठंतरी जाऊ या का. कुठं म्हणून विचारलं तर म्हणाली, तळ्याच्या गावी. नुसतं पाण्याकडे बघत बसायचंय, बाकी काही नको.

हिनं स्वतःहून काही मागितल्याला किती वर्षं झाली, आठवत नाही. सासूबाई चार वर्षं आमच्या मागच्या खोलीत अंथरुणाला खिळून होत्या. हिनंच सगळं केलं. डिसेंबरात त्या गेल्या. तेव्हापासून घरात आम्ही दोघंच. बोलायला विषय नाही, भांडायलाही नाही. टीव्ही चालू असतो, कुणी बघत नाही.

मी ताबडतोब हो म्हणालो. म्हणालो, सगळं माझ्यावर सोड. बस स्टँडवरचा अनाउन्सर मी. तळ्याच्या गाडीचं नाव रोज माझ्याच तोंडून निघतं. वाटेतले थांबे झोपेतही म्हणून दाखवीन. प्रत्यक्ष गेलेलो नाही, पण त्यात जायचं राहिलंय काय?

संकल्प: कमीत कमी खर्च, पाठीवर एकेक बॅग, फक्त सरकारी बस. टॅक्सी करून काय, कुणीही जाईल.

५ फेब्रुवारी, गुरुवार. जेवणाच्या सुट्टीत

आजकालची पोरं पाठीवर सॅक टाकून स्टँडवर येतात, फलाट विचारतात आणि निघतात. प्लॅनिंग शून्य. अशीच मग कुठंतरी अडकतात. आपल्याकडून असलं होणे नाही. आधी पाया पक्का, मग इमारत.

ही म्हणाली, याच शनिवारी निघू या की. हसलो. उचलली जीभ लावली टाळ्याला, असं प्रवासाचं नसतं, हे समजावून सांगितलं.

७ फेब्रुवारी, शनिवार

मेहुण्याकडून मोठी बॅग आणली. मेहुणा म्हणजे हिचा धाकटा भाऊ, ट्रेकिंगवाला. आईच्या आजारपणात डोंगरावरून खाली उतरायला त्याला सवड झाली नाही, पण बॅग काढून द्यायला झाली. माणूस वाईट नाही. बॅगेला इतके पट्टे आहेत, की कुठला कशाला हे त्यालाही सांगता आलं नाही.

मागच्या खोलीतली कॉट रिकामीच आहे. ती बेस कॅम्प म्हणून जाहीर केली. तिच्यावर टॉर्च, नायलॉनची दोरी, प्लास्टिकचा कागद, शिट्टी, मेणबत्त्या असं सगळं मांडलं. ही दारात येऊन उभी राहिली. मग सामान एका बाजूला सरकवून कॉटवरची चादर काढून घेतली, घडी केली आणि घेऊन गेली.

म्हणजे तिचाही सहभाग सुरू झाला.

११ फेब्रुवारी, बुधवार

तारीख पक्की! पुढचा मंगळवार-बुधवार. माझा वीकेंड मंगळवारी सुरू होतो. शनिवार-रविवार स्टँडवर गर्दी, तेव्हा आम्हाला सुट्टी कशी मिळणार?

हिला सांगितलं. ही म्हणाली, मंगळवारी शाळा असते. ही शाळेच्या ऑफिसात आहे. तिला शनिवार-रविवार सुट्टी. मला हे माहीत होतं. फक्त प्लॅनिंगच्या भरात बाजूला राहिलं. मग रजा टाक म्हणालो. म्हणाली, रजा आईच्या दवाखान्यात संपल्या. म्हणजे आमच्या सुट्ट्या कधी जुळतच नाहीत, हे लग्नानंतर इतक्या वर्षांनी आज पहिल्यांदा दोघांनी मिळून मोठ्यानं म्हटलं. काही वाटलं नाही.

उपाय: मी एक शनिवार-रविवार रजा घेणार. सोपं आहे.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

कंट्रोलर साहेबांना विचारलं. कुठली गाडी कुठल्या फलाटावर लागणार हे साहेब ठरवतात, मी फक्त सांगतो. साहेब म्हणाले, घ्या की रजा, हवी तितकी घ्या. आता रेकॉर्डिंगचं मशीनच येणार आहे. तोवर शिपाई वाचेल.

मी रजेचा विचार तत्काळ मागे घेतला. शनिवारी तुडुंब गर्दी. माइकवर शिपाई. त्याला श आणि स यांच्यात फरक आहे हेच मान्य नाही. म्हाताऱ्या माणसांनी, लेकुरवाळ्या बायकांनी कुणाच्या भरवशावर गाडी पकडायची? एका तळ्यासाठी मी एवढं पाप डोक्यावर घेणार नाही.

घरी सांगितलं, साहेब सोडत नाहीत. ही बरं म्हणाली आणि कणीक मळायला लागली. समजूतदार आहे. दुसरी असती तर घर डोक्यावर घेतलं असतं.

१५ फेब्रुवारी, रविवार. ड्यूटीच्या आधी

रंगीत तालीम. बॅग पूर्ण भरून बिल्डिंगला फेऱ्या मारायच्या ठरवल्या. वजन यावं म्हणून पाण्याच्या बाटल्या, इस्त्री आणि सासूबाईंच्या व्यायामाचे वाळूचे पट्टे घातले. पहिल्या फेरीला वॉचमननं उठून सलाम केला. दुसऱ्या फेरीला विचारलं, साहेब, घर सोडून चाललात का. तिसरी फेरी झाली नाही. कंबर धरली.

दोष बॅगेच्या डिझाइनचा आहे.

सासूबाईंचं मलम अजून होतं. हिनं लावून दिलं. हात सवयीचा आहे, बरोबर दुखतं तिथंच जातो. लावता लावता म्हणाली, आपण नक्की जाणार आहोत ना. मी म्हणालो, म्हणजे काय! पालथा पडलो होतो, त्यामुळे आवाजाला हवा तसा जोर आला नाही.

१८ फेब्रुवारी, बुधवार

कंबर बरी. मुक्कामाचा प्रश्न मात्र मी असा सोडवला आहे, की ट्रॅव्हल कंपन्यांनी शिकायला यावं. लॉजबिज काही नाही. तळ्याच्या डेपोत ड्रायव्हर-कंडक्टरांची रेस्ट रूम आहे. स्टाफला फुकट. पंखा आहे, बादली आहे.

कंट्रोलर साहेबांना फोनवर हे सांगितलं. साहेब म्हणाले, तिथं फक्त पुरुष झोपतात, वहिनी कुठं झोपणार. म्हणालो, तो मुद्दा ओपन ठेवलाय. साहेब बराच वेळ हसत होते. मोठ्या योजनांना सुरुवातीला लोक हसतातच.

हिला यातलं पंखा आणि बादली एवढंच सांगितलं.

२४ फेब्रुवारी, मंगळवार. संध्याकाळ

आज पायलट ट्रिप केली. हिला न सांगता. आधी मी एकटा जाऊन तळं बघायचं, अडचणी टिपायच्या, मग तिला अलगद न्यायचं, अशी कल्पना. ती शाळेत गेली, की मी बॅग घेऊन निघालो.

तळ्याची गाडी फलाट सहाला लागते. हे मी किती वर्षं ओरडतोय. सहाला गाडी लागली, मी चढलो. पाटी वाचली नाही. पाटी वाचणं हे प्रवाशांचं काम. माइकवर शिपाई सांगत होता, की सहाचं काँक्रीट उखडलंय म्हणून आजपासून तळ्याची गाडी चारला लागेल. ऐकलं मी. स्पष्ट ऐकलं. पण त्याच्या घोषणेवर मी जागा बदलायची? त्यापेक्षा आहे तिथं बसलेला बरा. कंडक्टर ओळखीचा, पास बघून पुढे गेला. कुठं जायचं ते विचारलंही नाही. डोळा लागला.

जाग आली तेव्हा गाडी सिमेंट फॅक्टरीच्या गेटवर उभी होती. शेवटचा थांबा. परतीची गाडी दुपारी. पत्र्याच्या शेडखाली बसून राहिलो. दोघांच्या हिशेबानं ब्रेड आणि उकडलेली अंडी घेतली होती, दोघांची एकट्यानं खाल्ली. समोर करड्या धुळीचा डोंगर. त्याच्याकडे बघत बसलो. वाईट वाटलं नाही, चांगलं वाटलं नाही. अंडी कोरडी होती, एवढंच.

घरी आलो तर ही आधीच आलेली. बॅग पाहिली, बुटांवरची धूळ पाहिली आणि विचारलं, कुठं गेला होतात.

सिमेंट फॅक्टरीला, असं म्हणायला काय हरकत होती? पण तोंडातून निघालं, तळ्याला. तुझ्यासाठी पाहणी करून आलो.

ही खुर्ची ओढून समोर बसली. कितीतरी दिवसांनी अशी समोर बसली. विचारलं, कसं आहे. म्हणालो, पाणी आहे. मोठं आहे. पायऱ्या आहेत. विचारलं, सावली आहे का बसायला. म्हणालो, भरपूर. गर्दी होते का. म्हणालो, मंगळवारी नसते. बोलत गेलो तसं तळं मलाच दिसायला लागलं. चांगलं होतं.

मग ही थांबली. म्हणाली, म्हणजे तुम्ही जाऊनच आलात.

त्यात राग नव्हता. रागावली असती तर पुढं काही बोलता आलं असतं. उठली आणि बुटांखालची धूळ केरसुणीनं काढली.

पाहणी दौरा एकंदरीत उपयुक्त.

२७ फेब्रुवारी, शुक्रवार

हिनं तळ्याचा विषय काढला नाही. मीही मुद्दाम काढला नाही, उत्सुकता ताणली जावी म्हणून.

१ मार्च, रविवार

सुधारित योजना तयार. एप्रिल. तोवर फलाट सहा दुरुस्त होईल. फक्त दोन बसेस बदलून, वाटेतल्या जंक्शनला वेटिंग रूममध्ये पहाटेपर्यंत थांबायचं, म्हणजे एका मुक्कामाचा खर्चच वाचला. हिला समजावून सांगितलं. ही भांडी पुसत होती. म्हणाली, बघा तुम्हाला जमेल तसं.

संमती मिळाली.

६ मार्च, शुक्रवार

संध्याकाळी घरी आलो तर ही म्हणाली, उद्या सकाळच्या गाडीनं तळ्याला जाऊन येते. परवा परत. मी विचारलं, मुक्काम. म्हणाली, शाळेतल्या बाईंच्या मावशी तिथं राहतात, त्यांच्या माडीवर खोली आहे. एका फोनवर ठरलं म्हणे. कुठल्या प्लॅनिंगशिवाय!

बॅग म्हणून हिनं काय काढावं? दवाखान्याची पिशवी. सासूबाईंना कधीही हलवावं लागेल म्हणून चार वर्षं दाराशी भरून ठेवलेली असायची, तीच. आईचा गाऊन बाहेर काढला, आपले कपडे ठेवले. साबण, टॉवेल आतच होते. माझा चहा निवायच्या आत ही तयार. गाऊन मात्र बराच वेळ हातात धरून उभी होती. मी टीव्हीकडे बघत होतो.

म्हणालो, आणि मी? म्हणाली, तुमची शनिवारची ड्यूटी ना. आणि तुम्ही तर बघूनच आलाय.

तेव्हा खरं सांगता आलं असतं. सांगणारच होतो. आधी चहा संपवावा म्हटलं. चहा संपला तोवर ही शेजारी दुधाचं सांगायला गेली. परत आली तेव्हा जेवायची वेळ झाली होती. जेवताना असले विषय काढू नयेत. त्याऐवजी सांगितलं, गाडीत डाव्या बाजूला बस, ऊन लागत नाही. हे कशावरून म्हणालो, कुणास ठाऊक.

असो. पुढची तुकडी म्हणून ही जातेय. खरा दौरा नंतर आम्ही दोघं करूच. तिला शिट्टी दिली, अडचणीत उपयोगी पडते. टेबलावर ठेवली तिनं.

७ मार्च, शनिवार

ही माझ्या आधी घरातून निघाली. एकत्र निघालो असतो, पण मला दाढी करायची होती.

साहेबांकडून फोन आला, तळ्याची गाडी चारला लागली. माइक घेतला. केबिनच्या काचेतून चार नंबर समोरच दिसतो. गाडीत ही होती, तिसऱ्या खिडकीत, डावीकडे. पिशवी शेजारच्या सीटवर ठेवलेली.

पहिली घोषणा केली. तळ्याकडे जाणारी गाडी फलाट क्रमांक चारवरून सुटत आहे. प्रवाशांनी आपलं सामान आणि आपल्या सोबतची माणसं गाडीत बसल्याची खात्री करून घ्यावी. वाक्य ठरलेलं आहे. आजवर हजारो वेळा म्हटलं असेल. आज म्हणताना ते पहिल्यांदा ऐकलं.

आवाज आल्यावर सगळे प्रवासी वर कर्ण्याकडे बघतात, तशी हीही वर बघत होती. केबिनकडे नाही, कर्ण्याकडे. मग एका आजोबांनी सीटबद्दल विचारलं असावं. हिनं एकदा शेजारच्या सीटकडे पाहिलं आणि पिशवी उचलून मांडीवर घेतली.

शिपाई केबिनच्या दारातच उभा होता. माइक त्याच्या हातात द्यायचा आणि जिना उतरायचा, एवढंच काम होतं. साहेबांनी काही म्हटलं नसतं. पण नियम असा आहे, की प्रत्येक गाडीची घोषणा दोनदा करायची, आणि माझी एकदाच झाली होती. अर्धं काम टाकून कसं जायचं? मी दुसरी सुरू केली. कंडक्टरनं घंटा मारली. घोषणेतल्या सामानापर्यंत आलो तेव्हा गाडी मागे येत होती. सोबतच्या माणसांपर्यंत आलो तेव्हा फाटकाबाहेर पडली होती. फार वाईट वाटत होतं. सासूबाई गेल्या तेव्हाही इतकं वाटलं नव्हतं.

तरीही वाक्य पूर्ण केलं. मग पुन्हा एकदा केलं. साहेबांचा फोन आला. म्हणाले, अहो, गाडी केव्हाच गेली, कुणाला सांगताय?