फुटक्या पडद्याच्या मशीनची वाटणी

मी खाली सही करणारा, वय सव्वीस, शिक्षण सातवी नापास, धंदा दोरावर लटकून कारखान्यांच्या उंच चिमण्या आतून खरवडायचा, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत, जेवण झालेलं असताना, कोणाच्या सांगण्यावरून नव्हे तर संशयावरून लिहीत आहे.

संशयाचं कारण आधी नोंदवतो. उद्या सोमवारपासून मोठ्या चिमणीचं काम. परवा कंपनीने आम्हा सगळ्यांच्या एका कागदावर सह्या घेतल्या, की वर काही झालं तर जबाबदारी ज्याची त्याची. मी सुपरवायझरला विचारलं, "काही होणारच नसेल तर कागद कशाला?" तो म्हणाला, "रीत असते." रीत म्हणे. मी माझा दोर वीतवीत हाताखालून काढला, दोनदा. दोर चांगला आहे. तरी लिहून ठेवलेलं बरं.

१. बँकेत जे काही असेल ते सगळं ताईला. मी शाळा सोडली तेव्हा घरात सगळे बोलले, ती एकटी बोलली नाही. तिने मला डबा भरून दिला होता.

२. माझा कमरेचा पट्टा कोणालाही देऊ नये, कापून टाकावा. एकाच्या वजनाला ताणलेला पट्टा दुसऱ्याने घालायचा नसतो. हा पट्टा मी आधी माझ्या कामातल्या जोडीदाराला लिहिला होता. त्याला आम्ही खांब म्हणतो. पण ज्याला काही मिळतं त्याने साक्षीला सही करू नये, असं ऑफिसातल्या कारकुनाने सांगितलं. खांब लगेच म्हणाला, "मग पट्टा ठेव तुझ्याकडे, मी सही करतो."

मी म्हटलं, "म्हणजे मी मरावं असं तुला वाटत नाही?"

"तुझा पट्टा मला बसत नाही."

३. माझे बूट सुपरवायझरला मिळता कामा नयेत. त्याने दोनदा माप विचारलं आहे.

४. आता मुख्य गोष्ट. घरी मधल्या खोलीत कपाटावर माझं गाण्याचं मशीन आहे. त्याचा वारस ठरवायच्या आधी ते काय आहे ते सांगणं भाग आहे, नाहीतर उद्या कोणीतरी ते भंगारात घालेल.

अण्णा, म्हणजे माझे वडील, लाऊडस्पीकर भाड्याने देत. जिथे जात तिथे गाणाऱ्यांचं टेप करून ठेवत. अशा एकशे बारा टेपा. त्यातल्या एका टेपेवर गाणं सुरू व्हायच्या आधी अण्णा स्वतः बोलतात: "हॅलो, हॅलो. मागच्यांना ऐकू येतंय का? पुढच्यांनी कान झाकू नका, अजून चढवायचाय." पुढे त्यांच्या घशाचं ऑपरेशन झालं आणि आवाज गेला. आता पाटीवर लिहून बोलतात.

टेपांना बुरशी धरायला लागली होती. मी त्या न विचारता घेतल्या आणि एकेक करून कॉम्प्युटरवर उतरवल्या. अण्णांच्या आवाजाची टेप उतरवून झाली आणि मागे घेताना तुटली. अण्णांनी तो तुकडा उचलला, खिशात घातला आणि गेले. त्या दिवसापासून त्यांच्या पाटीवर माझ्यासाठी एक अक्षर आलेलं नाही.

गाणी कायमची कशावर ठेवायची याचा मी महिनाभर शोध घेतला. जुन्या कॉम्प्युटरांच्या दुकानदाराने तीन मशीनं दाखवली. पहिला बंद पडलेल्या ऑफिसातला मोठा डबा. कान लावला तर पंखा गिरणीसारखा. दुकानदार म्हणाला, "पंखा वाजतोय म्हणजे मशीन जिवंत आहे." मी म्हटलं, "जिवंत असेल हो, पण गाण्याच्या खोलीत घोरणारा कोण झोपवतो?" दुसरी तळहाताएवढी नवी डबी. पंखा नाही, वीज नावाला. पण तिला कुठे स्क्रूच दिसेना. जे उघडून बघता येत नाही ते मी घेत नाही. दुकानदार म्हणाला, "अहो, खिशात मावते." खिशात मावते तेच तर नको होतं. आमच्या घरात येणारे खिसे मला माहीत आहेत.

तिसरा लॅपटॉप, पडदा फुटलेला. दुकानदार तो दाखवायलाही लाजत होता. मी तोच घेतला. पडदा फुटका म्हणून कोणी मागणार नाही, कोणी चोरणार नाही. आणि बॅटरी पोटातच, त्यामुळे वीज गेली तरी चालूच राहतो. गाण्याला पडदा लागतो कशाला? दुकानात समोर उघडून बघितला, आत नवी डिस्क बसवली. घरी आल्यावर चारही स्क्रूंवर नेलपॉलिशचा थेंब दिला, कोणी फिरवला तर कळावं म्हणून.

हे मशीन रात्रंदिवस चालू असतं. मी इथे कामावर चिमणीवरून खाली उतरलो, हात धुतले, की फोनवरून त्यातलं गाणं लावून ऐकतो. चालू-बंद कोणीही करू शकतो. पण गाणी हलवायला किंवा दुसरीकडे उतरवायला एक परवलीचा शब्द लागतो, तो फक्त मला माहीत आहे. माझ्या ट्रंकेत दुसऱ्या डिस्कवर नक्कल आहे, तिलाही तोच शब्द. मी मेलो तर असावा म्हणून निम्मा शब्द दादाकडे आणि निम्मा ताईकडे, बंद पाकिटात दिलेला आहे. दोघं सहा वर्षं एकमेकांशी बोलत नाहीत, त्यामुळे कट व्हायची भीती नाही.

५. वहिनींना, म्हणजे दादाच्या बायकोला, या मशीनला हात लावायचा हक्क नाही. कारण लिहून ठेवतो. गेले चार महिने मशीन रोज दुपारी दोनला बंद होतं आणि तीनला चालू होतं, हे मला इथे फोनवर दिसतं. नुसता प्लग काढला तर बॅटरीवर चालू राहील, म्हणजे करणारा मशीनचं बटणच दाबतो. मुद्दाम. त्या वेळी घरात दोनच माणसं. अण्णा टेप तुटल्यापासून त्या खोलीत पाऊल टाकत नाहीत. राहिलं कोण? वहिनी विजेच्या बिलावर बोटं मोडतात हे मी कानांनी ऐकलं आहे. आज रविवार आहे. पाच मिनिटांनी दोन वाजतील. चोर रंगेहाथ पकडून पुढचं कलम लिहितो.

(कलम ५ रद्द. मी स्वतः आडवी रेघ मारली आहे. पान फाडलं नाही, कारण फाटलेल्या पानाचा जास्त संशय येतो. का रद्द ते खाली.)

मशीन दोनला बंद झालं. मी लगेच वहिनींना फोन लावला. "वहिनी, मशीन आत्ता कोणी बंद केलं?"

"माझे हात साबणात आहेत, भाऊजी."

"मग कोणी केलं?"

"कोण करणार? अण्णांनी. रोज करतात. दोनला बंद, मऊ फडक्याने पुसायचं, तीनला चालू. दाराला पाटी अडकवतात, 'मशीन विश्रांती घेत आहे.' मला झाडूसुद्धा मारू देत नाहीत त्या तासात."

मला एकदम आठवलं. लाऊडस्पीकरच्या दिवसांत अण्णांचा नियम होता, चार तास वाजवलं की ॲम्प्लिफायर तासभर बंद. गिऱ्हाईक अंगावर आलं तरी बंद. मी म्हणालो, "पण वहिनी, या मशीनला विश्रांती लागत नाही."

"ते तुम्ही त्यांना सांगा. मी नाही सांगणार."

"आणि मला का नाही सांगितलंत?"

"तुम्ही विचारलंत कधी? फोन आला की मशीनची तब्येत आणि 'कोणी हात लावला का?' माझी नेलपॉलिश निम्मी कुठे गेली, हे मी विचारलं का तुम्हाला?"

पलीकडे नळ बंद झाला.

"आणि आता ऐकाच. संध्याकाळी तुम्ही गाणं लावलंत की मशीनच्या कडेचा हिरवा दिवा लुकलुकतो. अण्णा पाचपासून स्टूल टाकून तिथे बसलेले असतात. दिवा लुकलुकला की पाटीवर लिहितात, 'उतरला.' पाटी मला दाखवतात, मगच जेवायला येतात. मागच्या महिन्यात दोन दिवस तुम्ही काही लावलं नाहीत."

"नेटवर्क नव्हतं हो."

"ते इथे कोणाला ठाऊक? दोन दिवस ताट तसंच उचललं मी."

म्हणजे माझ्यासाठी पाटीवर अक्षर येत होतं. रोज येत होतं. मी बघायला नव्हतो एवढंच.

मी म्हणालो, "वहिनी, उद्यापासून मोठी चिमणी आहे. मला काही झालं तर तुम्ही रोज संध्याकाळी तुमच्या फोनवरून एक गाणं लावाल का? दिवा लुकलुकला म्हणजे झालं."

"असली खोटी कामं मला सांगू नका. जन्मभर ज्यांनी कानाने माणूस ओळखला, त्यांना मी दिव्याने फसवू? तुम्ही खाली उतरा आणि तुम्हीच लावा." मग म्हणाल्या, "आणि तो शब्द दोघांत वाटून ठेवलाय म्हणे. दादा आणि ताई बोलणार कधी आणि गाणी निघणार कधी? अकलेचा कांदा कुठला."

अकलेचा कांदा हे शब्द त्यांचेच आहेत, माझ्याविषयी. फोन स्पीकरवर होता, साक्षीदारांनीही ऐकले.

६. सबब मशीन, त्यातली सगळी गाणी आणि ट्रंकेतली डिस्क अण्णांची. त्यांच्यानंतर वहिनींची. दुपारी दोन ते तीन मशीन बंद राहील. त्याला विश्रांती लागत नाही, हे अण्णांना कोणीही सांगू नये, दुकानदारानेही नाही.

७. परवलीचा शब्द या कागदावर लिहिलेला नाही. मी तो आजच वहिनींना फोनवर तोंडी सांगितला आहे, पूर्ण. दादा आणि ताईने आपापली पाकिटं फाडावीत. जमल्यास एकत्र बसून.

८. नेलपॉलिशची नवी बाटली मी येताना आणीन. न आल्यास ताईने माझ्या पैशांतून द्यावी, रंग तोच.

९. उद्या उतरल्यावर मी गाणं लावणार नाही. अण्णांचा "मागच्यांना ऐकू येतंय का" एवढाच तुकडा लावणार. वहिनींनी त्या वेळी मशीनला स्पीकर जोडून ठेवावा, म्हणजे तिकडेही वाजेल. हे कलम मृत्युपत्रात बसत नाही असं कारकुनाचं म्हणणं पडलं. राहू दे.

वरील सर्व मी वाचून पाहिलं, दोनदा. कलम ५ वरच्या रेघेशेजारी माझी आणि दोन्ही साक्षीदारांची वेगळी सही आहे.

लिहून देणार: सही

साक्षीदार पहिला: जोडीदार, ऊर्फ खांब. सही. (मागाहून पट्टा मागितल्यास देऊ नये.)

साक्षीदार दुसरा: मेसचा आचारी. अंगठा. सही येते, पण हात तेलाचे होते.

ठिकाण: चिमणीच्या पायथ्याची कामगारांची बरॅक, तिसरी खाट, वरची

तारीख आठ, रविवार. दुपारचे तीन वाजून दोन मिनिटं. मशीन चालू झालं आहे. तपासलं.